विठाबाईंच्या बाळंतपणाला टाळ्या कशासाठी?

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकलेली आहे. दिवस भरलेले असताना त्या तमाशात नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा त्या कनातीमागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा येऊन प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. आमच्याकडे शहापूर-मुरबाड भागात आठ मार्चचा कार्यक्रम असो, शाळेचं गॅदरिंग असो की बचत गटाचा मेळावा, ही गोष्ट हमखास सांगितली जाते. सांगणारे तिला 'कलेवरची निष्ठा' म्हणतात. गोष्ट संपली की टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपण बायकाच जास्त असतो.

मला या टाळ्यांविषयी थोडं बोलायचं आहे. विठाबाई थोर होत्या यात मला काडीचीही शंका नाही. पण जी घटना ऐकून आपल्याला राग यायला हवा ती ऐकून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा काहीतरी फार चुकतं आहे असं मला वाटतं. कामावर असलेल्या एका बाईला बाळंतपणासाठी एक दिवसाची, एका रात्रीचीसुद्धा सुट्टी नव्हती. जवळ सुईण नव्हती, उकळलेलं पाणी नव्हतं, धारदार पातं नव्हतं. मैत्रिणींनो, ही कलेची गोष्ट नंतर. आधी ती मजुरीची गोष्ट आहे.

विठाबाई कोण होत्या ते नव्या मुलींसाठी थोडक्यात सांगते. त्यांचा जन्म १९३५ सालचा, पंढरपूरचा. विठ्ठलाच्या गावी जन्मली म्हणून नाव विठा. घराणं मांग जातीचं आणि तमासगिरांचं. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' हा फड नावाजलेला होता. विठाबाई लहानपणीच फडात उभ्या राहिल्या. गाणं, नाच, वगातलं काम या तिन्ही अंगांनी त्या तयार झाल्या आणि पुढे फड त्यांच्या नावावर चालू लागला. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी त्यांनी जवानांसमोर कार्यक्रम केले. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या. शेवटची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली आणि त्यांच्या मागे दवाखान्याचं बिल लोकांच्या वर्गणीतून भागवावं लागलं. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातला जीवनगौरव पुरस्कार देतं. मरणानंतर नावाचा पुरस्कार आणि मरताना बिलाची चिंता, असा हा हिशोब आहे.

आमच्या मुरबाडला विठाबाई तशा परक्या नाहीत. नारायणगावाहून आळेफाटा, ओतूर करत माळशेज घाट उतरला की टोकावडे, सरळगाव, मुरबाड. पौष पौर्णिमेला म्हशाची यात्रा भरते. बैलांचा बाजार, घोंगड्या आणि तमाशाची कनात, तिन्हींसाठी माणसं लांबून येतात. जुन्या बायका मात्र सांगतात की त्यांनी तमाशा पाहिला नाही, फक्त ऐकला. बाप्ये कनातीच्या आत, बायका लांब बैलगाडीत बसून. ढोलकी आणि बाईचा आवाज तेवढा कानावर यायचा. एका बाईचं गाणं दुसऱ्या बाईने उघडपणे पुढे बसून ऐकणं हीसुद्धा आपल्याकडे अब्रूची बाब होती!

आमच्या शहापूरच्या कॉलेजातल्या मुली मोबाइलवर रॉक ऐकतात. विजेची गिटार, ड्रम, कानठळ्या बसवणारे स्पीकर, ट्रकने सामान हलवत रोज नवं गाव गाठणारी टोळी, रात्रभर गाणं आणि सकाळी पुढचा मुक्काम. रॉक गाणाऱ्याचं आयुष्य हे असं, आणि त्याचं त्यांना फार आकर्षण. मी त्यांना म्हणते, अगं, यातलं विजेची गिटार सोडली तर सगळं आपल्या फडात होतं. नंतर तर गिटारही आली, ऑक्टोपॅडही आला. ट्रकवर चढून गाव बदलणारी, हजारोंच्या गर्दीला आवाजावर धरून ठेवणारी बाई आपल्याकडे केव्हाची होऊन गेली. तिला आपण 'स्टार' म्हटलं नाही, 'तमासगिरीण' म्हटलं, आणि तो शब्द शिवीसारखा वापरला.

आता त्या बाळंतपणाकडे वळू. विठाबाई तशाच का उभ्या राहिल्या? 'निष्ठा' हे उत्तर सोपं आहे. फडाचा धंदा कसा चालतो ते पाहिलं की दुसरं उत्तर सापडतं. पाडव्याच्या आधी नारायणगावला फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे यात्रा कमिटीवाले तिथे येतात, नावं विचारतात, भाव करतात आणि सुपारी देतात. सुपारी कुणाच्या नावावर मिळते? फडातल्या मुख्य बाईच्या. ती बाई त्या रात्री दिसली नाही तर गाव पैसे अडवतं, दंगा करतं, कनात फाडतं. दुसरीकडे फडमालकाने हंगामाच्या आधी कलावंतांना उचल दिलेली असते आणि ती बहुतेक वेळा सावकाराकडून व्याजाने काढलेली असते. कलावंत उचलीला बांधलेला, मालक सावकाराला बांधलेला, आणि या सगळ्याचा भार शेवटी एका बाईच्या पायातल्या चाळांवर. एक खेळ बुडाला तर ढोलकीवाल्यापासून आचाऱ्यापर्यंत पन्नास-शंभर माणसांच्या पोटाचा प्रश्न. पोटात बाळ असलेल्या बाईच्या खांद्यावर एवढी पोटं टाकायची आणि वर म्हणायचं, काय तिची निष्ठा!

या गोष्टीचा एक भाग सांगणारे बहुधा गाळतात. विठाबाई परत येऊन नाचू लागल्या तेव्हा त्यांचं पोट दिसेना म्हणून प्रेक्षकांच्या लक्षात आलं, आणि खरं काय ते कळल्यावर त्याच प्रेक्षकांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला, असं सांगतात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो. समोरची माणसं दगडाची नव्हती. त्यांना कळलं तेव्हा ती थांबली. मग दुष्ट कोण? दुष्ट होती ती व्यवस्था, ज्यात बाईने आपण बाळंत होतो आहोत हे कुणाला सांगायची सोयच नव्हती. खेळ थांबवायचा अधिकार प्रेक्षकाला होता, गावाला होता, पोलिसपाटलाला होता. तिला नव्हता.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत सुईणपण मांगाच्या बाईकडे असायचं. पाटलाची सून अडली तरी बोलावणं मांगवाड्यात जायचं. गावाच्या लेकरांच्या नाळा ज्यांच्या हातांनी कापल्या त्या जातीतल्या एका लेकीला स्वतःची नाळ दगडाने तोडावी लागली. यात योगायोग काही नाही. ज्यांनी इतरांची सेवा करायची त्यांची सेवा कुणी करायची हा प्रश्न आपल्या गावगाड्याने कधी विचारलाच नाही.

म्हणूनच मला विठाबाईंच्या शेजारी आमच्याकडची वीटभट्टीवरची कातकरीण दिसते. शहापूर-मुरबाडच्या वाड्यांमधून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. जाताना बयाणा घेतलेला असतो, तो फिटेपर्यंत सुटका नाही. बाई आठव्या महिन्यातही चिखल तुडवते, विटा वाहते. कळा आल्या की पालाच्या खोपटात बाळंत होते आणि अंगात बळ आलं न आलं तोच पुन्हा साच्याला लागते. तिच्या गावी अंगणवाडीत तिचं नाव असतं. २०१५ पासून आदिवासी भागातल्या गरोदर बाईला एक वेळचं ताजं जेवण द्यायची योजनाही आहे. पण जेवण गावात आणि बाई भट्टीवर! फडावरच्या बाईचंही हेच. सात-आठ महिने ट्रकवर, मग कुठल्या गावच्या नर्सबाईने तिची नोंद करायची?

बघा, काम वेगळं, उचल आणि बयाणा मात्र सख्खी भावंडं. पण कातकरणीच्या बाळंतपणाला कुणी टाळ्या वाजवत नाही. तिथे आपल्याला लगेच कळतं की हा अन्याय आहे. मग विठाबाईंच्या बाबतीत का कळत नाही? तिथे नाच आहे, गाणं आहे, टाळी आहे म्हणून? कला म्हटलं की कष्ट दिसेनासे होतात हीच तर खरी अडचण आहे.

हे केवळ आपल्याकडेच आहे असंही नाही. ज्या रॉकचं आमच्या मुलींना एवढं कौतुक, त्याची पाळंमुळं अमेरिकेतल्या काळ्या बायकांच्या गाण्यात आहेत. सिस्टर रोझेटा थार्प ही १९१५ साली आर्कान्सा राज्यात जन्मलेली बाई. आई चर्चमध्ये गाणारी. रोझेटा लहानपणापासून गिटार वाजवू लागली आणि पुढे विजेची गिटार गळ्यात घालून देवाची गाणी अशी काही वाजवली की नंतरच्या रॉकवाल्या पुरुषांनी तिच्यापासून धडे घेतले. काळ्या लोकांना हॉटेलात घेत नसत म्हणून ती बसमध्ये झोपून गावोगाव कार्यक्रम करायची. १९५१ साली वॉशिंग्टनच्या एका स्टेडियममध्ये तिचं लग्न तिकीट लावून झालं, हजारो लोक आले! कंत्राटदारांनी कार्यक्रम आधी ठरवला, नवरदेव नंतर ठरला. आपल्याकडे बाळंतपणाची गोष्ट, तिकडे लग्नाचा खेळ. बाईच्या आयुष्यातला खाजगी क्षणही धंद्यातून सुटत नाही. १९७३ साली ती गेली तेव्हा तिच्या थडग्यावर नावाचा दगडही नव्हता आणि पुढे तीस-पस्तीस वर्षं नव्हता. रॉकच्या मानकऱ्यांच्या यादीत तिचं नाव आलं ते २०१८ साली.

दुसरी बिग मामा थॉर्न्टन. 'हाउंड डॉग' हे गाणं तिने १९५२ साली गायलं. चार वर्षांनी एल्व्हिस प्रेस्ली या गोऱ्या तरुणाने ते गायलं आणि तो जगभर गाजला. तिच्या हातात पाचशे डॉलरच्या आसपास पडले असं ती सांगत असे. १९८४ साली ती गेली, आणि त्या यादीत तिला जागा मिळाली २०२४ साली. सन्मान उशिरा येतो, तो बाई गेल्यावर येतो, आणि तिला ज्याची गरज होती ते सोडून बाकी सगळं घेऊन येतो. इकडेही तसंच आणि तिकडेही तसंच.

'पण ताई, हे जुनं झालं,' असं कुणी म्हणेल. तर आजचं सांगते. आमच्याकडे हळदीच्या रात्री आता धवलारणीची गाणी मागे पडली, बेंजो आणि ऑर्केस्ट्रा आला. मुरबाडकडची एक बाई अशा पार्टीत गाते. तिने मला सांगितलं की दुसऱ्या खेपेला सातवा महिना लागेपर्यंत तिने पार्टीवाल्याला कळू दिलं नाही. कळलं तर तारखा दुसरीला जातात, आणि एकदा गेलेल्या तारखा परत येत नाहीत. रात्री दोन वाजता कार्यक्रम संपतो, परतीला टेम्पो, बाथरूमची सोय नाही म्हणून संध्याकाळपासून पाणी प्यायचं नाही. विठाबाईंची गोष्ट तिलाही माहीत आहे. ती म्हणाली, "बाई, ती गोष्ट आम्हाला ऐकवतात ना, ती आमच्यावर उलटते. तिने एवढं सोसलं आणि तुम्हाला साधं उभं राहायला होत नाही का, असं बोलतात."

हे वाक्य ऐकल्यापासून माझं मन शांत नाही. एका बाईच्या सोसण्याचं कौतुक दुसऱ्या बाईला धमकी म्हणून वापरलं जातं. आपल्या टाळ्यांचा उपयोग असा होतो!

आणि सरकारचं काय? स्टेजवरच्या बाईकडे सरकारचं लक्ष नाही असं मुळीच नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावरच बंदी घातली होती. ती उठली ती वगाच्या संहिता तपासण्याच्या अटीवर. २००५ साली डान्सबारवर बंदी आली. ऑर्केस्ट्रा बारमध्ये तर मंचावर चारच बायका असाव्यात अशी अट होती, ती २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. म्हणजे मंचावर किती बायका उभ्या आहेत हे सरकारने वर्षानुवर्षं मोजलं. त्यांतल्या किती बायकांना बाळंतपणाची रजा मिळाली हे कधी मोजलं नाही. १९६१ साली मातृत्व लाभाचा कायदा झाला, २०१७ साली बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. पण ज्या बाईचा मालक दर रात्री बदलतो, जिच्याकडे हजेरीपट नाही आणि कागद नाही, तिच्यापर्यंत हे सव्वीस आठवडे पोचलेले नाहीत.

वृद्ध कलावंतांना मानधन आहे. २०२४ पासून ते दरमहा ५००० रुपये झालं. पण त्यासाठी वय पन्नासच्या पुढे हवं आणि कलेची वर्षानुवर्षं सेवा केल्याचे पुरावे हवेत. बाई बाळंत होते वीस-पंचविशीत. तेव्हा तिने काय करायचं? आणि जिच्या कार्यक्रमाचं बोर्डावर नाव लागलं नाही, पेपरात फोटो आला नाही, त्या धवलारणीने, त्या बेंजोतल्या गाणारणीने पुरावा कुठून आणायचा?

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की तुम्ही कलावंताला भट्टीवरच्या मजुराच्या रांगेत बसवता, हा तिचा अपमान आहे. मला नाही तसं वाटत. मजुरी हलकी आहे असं मानलं तरच हा अपमान ठरतो. विठाबाईंच्या गळ्याची सर दुसऱ्या कुणाला नव्हती हे खरं, पण त्यांचं गर्भाशय इतर कुठल्याही बाईसारखंच होतं. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विठाबाई नुसत्या राबणाऱ्या नव्हत्या, स्वतःचा फड चालवणाऱ्या होत्या, आपला निर्णय आपण घेणाऱ्या होत्या; त्यांना बिचारी ठरवणारे आपण कोण? हे मला मान्य आहे. त्यांना बिचारी कुणी म्हणू नये. त्या रात्री पुन्हा उभं राहण्यात त्यांची जिद्द होती आणि तिचा अभिमान बाळगायचा त्यांना पूर्ण हक्क होता. पण तो अभिमान त्यांचा. आपला नव्हे. ज्यांनी ती वेळ येऊ दिली त्या समाजाने त्यावर अभिमानाने टाळ्या वाजवणं मला पटत नाही. त्यांच्या लेकी पुढे याच धंद्यात उभ्या राहिल्या, मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड नावारूपाला आणला. कला पुढच्या पिढीला गेली. बाळंतपणाची सोय मात्र पुढच्या पिढीलाही मिळाली नाही.

मग काय करायचं? करण्याजोगं पुष्कळ आहे आणि त्याचे दाखलेही आहेत. १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. एका मालकाचा कायम नोकर नसलेल्या हमालालाही संरक्षण देता येतं हे त्याने दाखवलं. १९८१ साली सिनेमातल्या कामगारांसाठी कल्याण निधी झाला. १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी झाला, त्यातून बाळंतपणाला मदत मिळते. मग फड, संगीत बारी, ऑर्केस्ट्रा, बेंजो यांतल्या कलावंतांसाठी असा निधी का नको? दर सुपारीमागे थोडी रक्कम त्यात गेली तर बाळंत बाईला चार-सहा महिने घरी बसता येईल. सुपारीच्या कागदावर एक ओळ हवी, की मुख्य कलावंत बाळंत किंवा आजारी असेल तर बदली कलावंत चालेल आणि गाव पैसे अडवणार नाही. फडावरच्या गरोदर बाईची नोंद ती असेल त्या गावच्या आरोग्य केंद्रात व्हावी आणि पुढच्या गावी चालावी. भट्टीवरच्या बाईलाही हेच लागू. २०१३ च्या लैंगिक छळाविरोधी कायद्यात असंघटित बायकांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे, तालुक्याला तक्रार घेणारा अधिकारी नेमायचा आहे. तो कोण आहे हे हळदीत गाणाऱ्या बाईला माहीत हवं. आपल्याला तरी माहीत आहे का?

आणि काही गोष्टींसाठी तर सरकारचीही वाट पाहायला नको. आपल्या ग्रामपंचायतीत आता निम्म्या जागांवर बायका आहेत, यात्रा कमिटीत मात्र बाई औषधालाही सापडत नाही. तिथे बाई बसवा. पुढच्या यात्रेच्या बैठकीत विचारा, की तमाशातल्या बायकांना कपडे बदलायला बंद खोली आहे का, संडास आहे का, लेकरांना निजवायला जागा आहे का, जवळचं आरोग्य केंद्र रात्री उघडं राहणार आहे का. पाहुण्या फडात कुणी गरोदर बाई असेल तर तिला त्या रात्री बसून राहायची मुभा गाव देईल, असा साधा ठराव एका ग्रामपंचायतीने केला तरी तो विठाबाईंच्या नावाच्या कुठल्याही पुरस्काराइतकाच मोलाचा ठरेल.